बोटीवरची लिथियम बॅटरी बँक ६० टक्के दाखवते आणि मध्येच सगळं बंद पडतं, कुठून शोधायला लागायचं

आधी लक्षणं सांगतो, यातलं एक जरी तुमच्या बोटीवर होत असेल तर पुढे वाचा.

मीटरवर ५५-६० टक्के दिसतंय, रात्रीचे दोन वाजलेत, फ्रिज चालू, ऑटोपायलट चालू, वॉचवरचा माणूस किटली लावतो आणि फाटकन बोटीवर काळोख. दहा-वीस सेकंदांनी नाहीतर सकाळी ऊन आल्यावर सगळं आपोआप परत चालू, जणू काही झालंच नाही. किंवा उलटं, दुपारचे बारा, कडक ऊन, सोलर जोरात, आणि अचानक लाइट क्षणभर फटकन उजळून चार्टप्लॉटर (नकाशाची स्क्रीन) रिबूट होतो आणि चार्जिंग बंद. किंवा मीटर सकाळी ६५ वर होता तो नऊ वाजता एकदम उडी मारून १००. किंवा तीन बॅटऱ्या पॅरलल आहेत आणि ॲपमध्ये एक ४० टक्के, दुसरी ८०. किंवा इंजिन चालवलं की अल्टरनेटरच्या बाजूला काळी पूड आणि करपट वास.

हे सगळे वेगवेगळे आजार वाटतात पण बहुतेक वेळा मुळाशी दोन-तीनच गोष्टी असतात, आणि माझ्या अनुभवात बॅटरी स्वतः खराब निघणं हे सगळ्यात शेवटचं कारण असतं. तरी लोक पहिला प्रश्न हाच विचारतात, नवीन बॅटरी कुठे मिळेल.

मी आधी मर्चंट नेव्हीत ईटीओ (जहाजावरचा इलेक्ट्रिकल अधिकारी) होतो, आता काही वर्षं मलेशियाच्या लंकावी बेटावर बोटींचं इलेक्ट्रिकल करतो. इथून डिसेंबर-जानेवारीत ईशान्य मॉन्सून स्थिरावला की बोटी श्रीलंका, मालदीवकडे निघतात, हजारभर सागरी मैल मध्ये काहीही नाही, त्यामुळे नोव्हेंबर संपत आला की "पुन्हा गेली" असले फोन सुरू होतात. खालचं सगळं १२ व्होल्टच्या लिथियम आयर्न फॉस्फेट बँकेबद्दल आहे, म्हणजे चार सेल सिरीजमध्ये. २४ व्होल्ट असेल तर व्होल्टेजचे आकडे दुप्पट धरा. आणि तुमच्या बॅटरीच्या कागदावर वेगळे आकडे असतील तर कागद खरा, मी नाही.

सगळ्यात आधी, हत्याराला हात न लावता, स्वतःला एकच प्रश्न विचारा. नक्की काय काय गेलं? फक्त २३० व्होल्ट गेलं आणि केबिनचे लाइट चालू राहिले, तर इन्व्हर्टरने हात वर केलेत, बॅटरीने नाही. लाइट, प्लॉटर, पंप सगळं एकदम गेलं तर बॅटरीच्या आतल्या बीएमएसने (बॅटरी सांभाळणारं सर्किट, धोका दिसला की ते बॅटरी तोडतं) दार लावून घेतलंय, किंवा मेन लाइनवर काहीतरी सुटलंय. हे दोन रस्ते पूर्ण वेगळे आहेत आणि माणूस घाबरला की "सगळं गेलं" एवढंच सांगतो.

पुण्याचं एक जोडपं आहे, मलेशियात सेकंडहँड चाळीस फुटी बोट घेतली, दोघंही नोकरी सोडून आलेत. नवऱ्याचा फोन आला, "दादा, किटली लावली की बँक जाते, तुमची वहिनी म्हणते आता चहा सोडायचा का." मी विचारलं लाइट गेले का? दोघं एकमेकांशी पाच मिनिटं भांडली आणि मग वहिनी म्हणाल्या, "नाही, लाइट मंद झाले जरा, गेले नाहीत." तिथेच निम्मं काम झालं. काय निघालं ते पुढे सांगतो.

तर आता फुकटातल्या तपासण्या.

पहिली, मीटरचं सेटिंग. टक्केवारी खोटी असू शकते हे आधी मनाने मान्य करा. घरच्या इन्व्हर्टरची लेड-ॲसिड बॅटरी असते तिचं व्होल्टेज बघून किती उरलीय ते साधारण कळतं, लिथियमचं तसं नाही. ८० टक्क्यांना विश्रांतीत साधारण १३.३ व्होल्ट आणि ४० टक्क्यांना १३.१, म्हणजे अर्ध्याच्या आसपास बँक संपली तरी फरक फक्त ०.२ व्होल्टचा, आणि फ्रिजचा कॉम्प्रेसर चालू-बंद झाला तरी एवढं हलतं. म्हणून शंट लावतात. शंट म्हणजे किराणावाल्याची वही, समोरून जे गेलं-आलं ते लिहायचं आणि बेरीज-वजाबाकी करायची. वहीची सुरुवातच चुकली तर पुढचा सगळा हिशोब चुकीचा, आणि वही स्वतःहून कधी सांगत नाही की मी चुकलेय.

सेटिंगमध्ये काय बघायचं? कपॅसिटी तुमच्या खऱ्या बँकेएवढी आहे का, ६०० एएच (अँपिअर-अवर, बँक किती साठवते त्याचं माप) बसवून मीटरमध्ये २०० राहिलेलं मी बघितलंय. प्यूकर्ट (जोरात ओढलं की बॅटरी किती कमी देते त्याचा आकडा) १.०५ च्या आसपास हवा, लेड-ॲसिडचा १.२५ तसाच असतो पुष्कळदा. चार्ज एफिशियन्सी ९९ टक्के. आणि सगळ्यात घातक म्हणजे "चार्ज्ड व्होल्टेज". शंट असं धरून चालतो की व्होल्टेज या आकड्याच्या वर आहे आणि बँकेत जाणारा करंट टेल करंटपेक्षा (बँक भरत आल्यावर उरणारा बारीक करंट, कपॅसिटीच्या टक्क्यांत) खाली आहे, असं दोन-तीन मिनिटं राहिलं की बॅटरी फुल, लाव १००. लेड-ॲसिडच्या सेटिंगवर हा आकडा १३.२ असू शकतो. आता विचार करा, लिथियम निम्मी असताना थोडा चार्ज मिळाला तरी १३.३-१३.४ दाखवते. टेल करंट ४ टक्के म्हणजे ६०० च्या बँकेला २४ अँप. सकाळी नऊचं कोवळं ऊन, बँकेत जेमतेम १० अँप जातायत, व्होल्टेज १३.४, दोन्ही अटी पूर्ण, मीटरने ६५ वरून सरळ १०० लावले. बँकेत आहेत खरे ६५, तुम्ही दिवसभर निवांत, वॉटरमेकर (खाऱ्याचं गोडं पाणी करणारं मशीन) चालवला, पहाटे मीटर ३५ म्हणतोय आणि बँक रिकामी. बीएमएसने बरोबर वेळी बरोबर काम केलं आणि शिव्या त्यालाच.

चार्ज्ड व्होल्टेज तुमच्या ॲबसॉर्प्शनपेक्षा (बँक शेवटी भरताना चार्जर धरून ठेवतो ते व्होल्टेज) जरा खाली ठेवा, म्हणजे चार्जर १४.२ ला असेल तर इथे १४.०. मग एकदा मरीनाच्या शोअर पॉवरवर (धक्क्यावरची वीज) बँक पूर्ण भरू द्या, करंट २०-२५ अँपच्या खाली येऊ द्या आणि मीटर सिंक करा, म्हणजे १०० वर आणून बसवा. एवढं करून चार-पाच दिवस बघा. कितीतरी जणांचा प्रॉब्लेम इथेच संपतो आणि मला एक बिअर मिळते, बाकी काही नाही.

दुसरी तपासणी, वहीत न लिहिलेली विक्री. म्हणजे शंटला वळसा घालून गेलेली निगेटिव्ह. नियम साधा आहे, बॅटरीच्या निगेटिव्हवर फक्त आणि फक्त शंटची एक केबल, बाकी बोटीचं सगळं निगेटिव्ह शंटच्या दुसऱ्या बाजूला. पण मधूनच कोणीतरी काहीतरी नवीन बसवतं आणि बॅटरीचा स्टड (केबल आवळायचा बोल्ट) समोर दिसतो म्हणून थेट तिथेच लग (केबलच्या टोकाचं भोकाचं टर्मिनल) लावतं. अलीकडे हा गुन्हेगार बहुतेक वेळा स्टारलिंक असतो. सरासरी ५० वॅट धरा, चोवीस तास चालू म्हणजे १२०० वॅट-अवर, म्हणजे रोजचे ९० पेक्षा जास्त एएच, आणि मीटरला त्यातला एकही दिसत नाही. ढगाळ चार दिवस गेले, मीटर पूर्ण सिंक झाला नाही, की ३५०-३७५ एएचचं भोक पडलं. मग ६० टक्क्यांना बँक जाणार नाही तर काय.

बघायचं कसं? सगळं बंद करा, मीटर शून्याच्या आसपास यायला हवा. मग एकेक वस्तू चालू करा आणि मीटर हलतो का बघा. जी चालू केल्यावर मीटर ढिम्म राहतो ती चोर. बिल्ज पंप (बोटीच्या तळातलं पाणी बाहेर टाकणारा) लोक मुद्दाम मेन स्विचच्या आधी जोडतात, ते योग्यच आहे, बोटीवर कोणी नसताना पंप चाललाच पाहिजे, पण ती गोष्ट पॉझिटिव्हची झाली, त्याची निगेटिव्ह शंटमधूनच आली पाहिजे. इंजिन ब्लॉकमधून परत येणारी अल्टरनेटरची निगेटिव्ह पण एकदा शोधा, ती भलतीकडेच जोडलेली असते.

तिसरी, चार्जरची सेटिंग, हीसुद्धा फुकट. एका कागदावर बोटीवरचे सगळे चार्जिंगचे मार्ग लिहा. सोलर एमपीपीटी (पॅनेल आणि बॅटरीच्या मधला कंट्रोलर), शोअर चार्जर, अल्टरनेटर किंवा डीसी-डीसी चार्जर, विंड जनरेटर असेल तर तो. आधीच्या मालकाने कॉकपिटच्या लॉकरमध्ये लावलेला आणि सगळे विसरलेले एखादं छोटं सोलर कंट्रोलर पण. सगळ्यांवर एकच प्रोफाइल हवं. साधारण ॲबसॉर्प्शन १४.२, फ्लोट (भरल्यावर टिकवायचं व्होल्टेज) १३.५, इक्वलायझेशन (लेड-ॲसिडला मधूनमधून मुद्दाम जास्त व्होल्टेज देणं) बंद, टेंपरेचर कॉम्पेन्सेशन शून्य. एकानेही लेड-ॲसिडचं इक्वलायझेशन करायला घेतलं आणि १५ च्या वर गेला तर चारातला कुठला तरी सेल ३.६५ च्या पार जातो आणि बीएमएस चार्जिंग तोडतो. भर उन्हात सोलर कंट्रोलरच्या तोंडातून बॅटरी काढून घेतली तर व्होल्टेज क्षणभर वर उसळतं, ते दुपारी बाराचे फटकन उजळलेले लाइट म्हणजे हेच. टेंपरेचर कॉम्पेन्सेशनचं उलटं असतं, लेड-ॲसिडच्या प्रोफाइलवर २५ डिग्रीच्या वर प्रत्येक डिग्रीला साधारण १६ मिलिव्होल्ट कमी केले जातात, इथे बॅटरीचा लॉकर ४० ला सहज असतो म्हणजे पाव व्होल्ट गेला. बँक कधी वरपर्यंत भरतच नाही, सेल कधी बॅलन्स होत नाहीत आणि मीटर कधी सिंक होत नाही. वर सांगितलेले तिन्ही आजार एका सेटिंगमुळे.

आता हत्यारं. इथून पुढे अंगठी, कडं, घड्याळ, गळ्यातली साखळी काढून ठेवा, हे अजिबात गमतीत घेऊ नका. १२ व्होल्टचा शॉक बसत नाही म्हणून लोक निर्धास्त असतात, पण लिथियम बँक शॉर्ट झाली तर काही हजार अँप सोडते, पाना दोन स्टडच्या मध्ये पडला तर तिथेच वेल्ड होतो आणि तुमची अंगठी त्या पान्याचा भाग असेल तर बोट जातं, बोट म्हणजे हाताचं. पान्याला दांड्यापर्यंत इन्सुलेशन टेप गुंडाळा. एका वेळी एकच स्टड उघडा, दुसऱ्यावर रबर मॅट.

चौथी तपासणी कनेक्शनची, आणि माझ्या मते सगळ्यात फळ देणारी. नुसतं हलवून बघणं म्हणजे तपासणी नाही. लोड लावून मिलिव्होल्ट मोजायचे. १५०० वॅटची किटली लावली की इन्व्हर्टर बँकेतून साधारण १३० अँप ओढतो. ती चालू असताना मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या स्टडवर ठेवा, लगवर नाही, स्टडवरच, आणि दुसरं बसबारवर (सगळ्या केबल जिथे एकत्र येतात ती पट्टी). ७० चौरस मिमीची दोन मीटर केबल असेल तर ६०-६५ मिलिव्होल्ट दिसायला हवेत, तांब्याचा हिशोबच तेवढा येतो. चांगले जोड आणि फ्यूज मिळून थोडे वाढतील. पण ३००-४०० दिसले तर मधल्या प्रत्येक जोडावर टोकं सरकवत जा, स्टड ते लग, लग ते फ्यूज, फ्यूजच्या दोन बाजू, मेन स्विचच्या दोन बाजू, जिथे आकडा उडी मारतो तिथे रोगी. निगेटिव्ह बाजूला पण हेच, ती सगळे विसरतात. ०.४ व्होल्ट गुणिले १३० अँप म्हणजे ५२ वॅट, एका जोडात एक सोल्डरिंग आयर्न चालू ठेवल्यासारखं.

तर पुण्याच्या जोडप्याकडे गेलो. बॅटरीवर लोडमध्ये १२.६, इन्व्हर्टरच्या टर्मिनलवर ११.७. इन्व्हर्टरचा लो कट (व्होल्टेज याच्या खाली गेलं की तो बंद) कोणीतरी ११.८ ला ठेवलेला. मध्ये ०.९ व्होल्ट कोण खातंय? मेन स्विच काढला, मागच्या बाजूला लगवरची हीट-श्रिंक आकसून चकचकीत झालेली, लग तपकिरी, आणि लग आणि स्टडच्या तांब्याच्या मध्ये स्टेनलेसचा वायसर. एक नाही, दोन. स्टेनलेसचा रेझिस्टन्स तांब्याच्या साधारण चाळीसपट, तुम्ही रस्त्यात स्पीडब्रेकर नाही तर भिंतच घातलीत. ज्याने बसवलं त्याने मनापासून आवळलेलं होतं, क्रम तेवढा चुकला. क्रम असा, आधी तांब्याच्या सपाट पृष्ठभागावर लग, एकापेक्षा जास्त असतील तर जास्त करंटचा सगळ्यात खाली, मग वायसर, मग स्प्रिंग वायसर, मग नट. बस. खराब झालेला लग नवीन क्रिंप केला, हायड्रॉलिक क्रिंपरने, हातोडीने नाही, वायसर वर घेतले, टॉर्क रेंचने कागदावरच्या आकड्याला आवळलं. परत किटली लावली. ११५ मिलिव्होल्ट. वहिनींनी त्याच पाण्याचा चहा केला, आलं जरा जास्तच पडलं होतं पण मी बोललो नाही.

बाय द वे, हे करताना फ्यूज बघून घ्या. लिथियम बँकेच्या पॉझिटिव्हवर बॅटरीच्या जवळात जवळ क्लास टी फ्यूज हवा, त्याची शॉर्ट तोडायची क्षमता २०,००० अँपची असते. गाडीच्या ऑडिओ सिस्टिमचे फ्यूज काही बोटींवर दिसतात, ते वितळतात पण मधला आर्क तुटत नाही, म्हणजे फ्यूज उडालाही आणि करंट चालूही.

पाचवी तपासणी, पॅरलल बॅटऱ्या समान काम करतायत का. यासाठी डीसी मोजणारा क्लँप मीटर लागतो, आपल्याकडे टाँग टेस्टर म्हणतात तोच पण साधा एसीवाला चालत नाही, विकत घेताना नीट बघा. किटली आणि इंडक्शन दोन्ही लावून प्रत्येक बॅटरीच्या केबलवर करंट मोजा. २०० एएचच्या तीन बॅटऱ्या, प्रत्येकीचा बीएमएस १०० अँपचा, मालक म्हणतो ३०० अँप मिळतात, इन्व्हर्टर ३००० वॅटचा म्हणजे २६० अँप, झालं की. कागदावर झालं. पण बॅटऱ्या एकीला एक लागून छोट्या केबलने जोडल्यात आणि पॉझिटिव्ह-निगेटिव्ह दोन्ही पहिल्याच बॅटरीवरून काढलेत, तर पहिलीचा रस्ता सगळ्यात जवळचा, ती १२० द्यायला बघते, दुसरी ८०, तिसरी ६०. पहिली १०० च्या वर गेली म्हणून ट्रिप. आता २६० दोघींच्या डोक्यावर, त्या पण लगेच गेल्या. बघता बघता पूर्ण बोट काळोखात आणि ॲपमध्ये तिन्ही ७० टक्के.

उपाय फार महागडा नाही. प्रत्येक बॅटरीपासून बसबारपर्यंत एकाच लांबीच्या, एकाच जाडीच्या केबल. जवळच्या बॅटरीला केबल लांब पडते म्हणून कापू नका, गुंडाळून ठेवा. दोनच बॅटऱ्या असतील तर पॉझिटिव्ह एकीवरून आणि निगेटिव्ह दुसरीवरून घेतली तरी पुष्कळ फरक पडतो. नवीन बॅटरी जुन्या बँकेत घालताना दोन्ही आधी वेगवेगळ्या पूर्ण भरा आणि मगच जोडा, नाहीतर जोडल्या जोडल्या एक दुसरीत धाडकन करंट ओतते.

सहावी, सेल बॅलन्स. बीएमएसचं ब्लूटूथ ॲप असेल तर चारही सेलचं व्होल्टेज दिसतं. मधल्या चार्जला बघून काही उपयोग नाही, सगळे ३.२८-३.२९ दाखवतील आणि तुम्ही खूश. वरच्या टोकाला, १४ व्होल्टच्या पुढे चार्ज होताना बघा. तीन सेल ३.४५ ला आणि एक ३.६५ ला पोचलाय, तर हा बॅलन्सचा मामला. आपल्या पंगतीसारखं आहे, एक जण पानावरून उठला की पंगत उठली. वर जाताना एक सेल आधी भरला की चार्जिंग बंद, खाली येताना एक सेल २.५ ला आधी टेकला की डिस्चार्ज बंद, बाकीच्या तिघांच्या पानात कितीही वाढलेलं असो.

बॅलन्स करायला पैसे लागत नाहीत, धीर लागतो. बॅटरीतले बहुतेक बीएमएस पॅसिव्ह बॅलन्सिंग करतात, भरलेल्या सेलमधून अगदी थोडा करंट रेझिस्टरमध्ये जाळायचा, तोही सेल ३.४ च्या वर असतानाच. ५० मिलिअँपचा बॅलन्सर असेल आणि फरक ५ एएचचा असेल तर १०० तास. म्हणजे रोज दुपारी दोन-तीन तास बँक १४ च्या आसपास राहिली तर महिनाभराचं काम, आणि ज्यांची बँक सोलरमध्ये कधी ९० च्या वर जातच नाही त्यांचं कधीच होणार नाही. म्हणून मी मोठ्या पॅसेजच्या (लांब सफरीच्या) आधी एक आठवडा शोअर पॉवरवर थांबायला सांगतो. ॲबसॉर्प्शन १४.० पर्यंत खाली आणा, म्हणजे पुढचा सेल ट्रिप होणार नाही, आणि राहू द्या. रोज रात्री चारही आकडे लिहून ठेवा. फरक कमी होतोय तर देवाची कृपा. दहा दिवसांनीही तोच सेल तेवढाच पुढे असेल, किंवा वर जातानाही तोच पहिला आणि खाली येतानाही तोच पहिला, तर त्या सेलची कपॅसिटीच गेलीय, मग बॅलन्सिंगने काही होत नाही.

तापमान पण एकदा बघा, बॅटरी इंजिनला लागून असेल तर. वारा नाही म्हणून सलग बारा तास इंजिन चालवलं की लॉकर ५५ च्या पुढे जातो आणि बरेच बीएमएस त्याच सुमाराला चार्जिंग थांबवतात. दिवसा चालते, मोटरिंगनंतर जाते, असा पॅटर्न दिसला तर हेच. थंडीकडे जाणाऱ्यांनी शून्य डिग्रीच्या खाली चार्ज करायचा नाही एवढं माहीत असू द्या, इथे आम्हाला तो प्रश्न स्वप्नातही पडत नाही.

अल्टरनेटर. इथे बघा सगळं, पण हात लावू नका. लिथियम बँक भुकेली असते, देशील तेवढं घेते, लेड-ॲसिडसारखी थोड्या वेळाने नको म्हणत नाही. गाडीच्या जातीचा अल्टरनेटर फुल करंटवर सतत चालायला बनलेलाच नसतो, त्यात कमी आरपीएमला पंखाही हळू, म्हणून तो भाजतो आणि बेल्टची काळी पूड पडते. त्याहून वाईट म्हणजे अल्टरनेटर जोरात देत असताना बीएमएसने बँक तोडली तर तो करंट जाणार कुठे, व्होल्टेज उसळतं आणि डायोड जातात, कधी कधी जोडीला रेडिओ आणि प्लॉटर पण. उपाय दोन आहेत. अल्टरनेटर लेड-ॲसिड स्टार्टर बॅटरीलाच चार्ज करेल आणि तिथून डीसी-डीसी चार्जरने लिथियमला, हा स्वस्त आणि सोपा. किंवा तापमानाचा सेन्सर असलेला बाहेरचा रेग्युलेटर, जो बीएमएसचा इशारा ऐकून आधी अल्टरनेटरचं फील्ड (त्याला वीज करायला लावणारा करंट) बंद करतो आणि मग बँक तुटते. दुसरा प्रकार स्वतः करायच्या भानगडीत पडू नका, माणूस बोलवा. अमेरिकेच्या एबीवायसीचं (बोटींची स्टँडर्ड ठरवणारी संस्था) ई-१३ नावाचं लिथियमचं स्टँडर्ड आहे, त्यात तोडण्याआधी बीएमएसने आवाज किंवा लाइट देऊन सावध करावं असंही सांगितलंय. तुमच्या बीएमएसमधून अशी अलार्मची वायर निघत असेल तर कॉकपिटमध्ये बझर लावा, रात्री दोनला काळोख होण्यापेक्षा पावणेदोनला किंचाळलेलं बरं. वायर निघत नसेल तर शंटचाच लो व्होल्टेज अलार्म १२.८ ला लावा, काही नसण्यापेक्षा ठीक.

एवढं सगळं होऊनही बँक जात असेल तर शेवटी कपॅसिटी टेस्ट, मरीनात बांधलेले असताना. पूर्ण भरायची, चार्जर सगळे बंद, ठराविक लोड लावून बीएमएस तोडेपर्यंत शंटवर किती एएच निघाले ते मोजायचं. ६०० च्या बँकेतून ५५० निघाले तर बॅटरी ठणठणीत, परत वरच्या यादीत जा, काहीतरी सुटलंय. ३५० निघाले तर एकेक बॅटरी वेगळी करून तेच. दिवस जातो एकेका बॅटरीला, कंटाळवाणं काम, पण याच्याशिवाय नवीन बॅटरीचे पैसे कोणाला देऊ नका.

आता कुठे थांबायचं ते स्पष्ट सांगतो. बॅटरीचं खोकं फुगलंय, गोडसर सॉल्व्हंटसारखा वास येतोय, लोड नसताना एखादी बॅटरी बाकीच्यांपेक्षा गरम आहे, तर सगळं डिस्कनेक्ट, हॅच उघडा, आणि ती पुन्हा जोडायची नाही. लिथियम आयर्न फॉस्फेट सहजासहजी पेटत नाही हे खरं, पण बिघडलेला सेल जो वायू सोडतो तो विषारीही असतो आणि पेटतोही. खाऱ्या पाण्यात बुडालेली बॅटरी, वरून कोरडी दिसली तरी, तोच नियम. एखादा सेल २ व्होल्टच्या खाली गेला असेल तर चार्जर लावून "उठवायला" जाऊ नका. फ्यूज दुसऱ्यांदा उडाला तर मोठा फ्यूज घालायचा नाही, थांबायचं. २३० व्होल्टच्या बाजूला काही शंका असेल तर थांबायचं. सीलबंद खोकं उघडायचं नाही.

आणि बीएमएस बायपास. वैताग येतो मलाही कळतं, समुद्रात मध्यरात्री बँक गेलीय आणि जहाजांच्या रस्त्यात आहात, तेव्हा वाटतं एक जंपर टाकला की झालं. त्यापेक्षा निघायच्या आधीच स्टार्टर बॅटरीवरून व्हीएचएफ रेडिओ, नॅव्हिगेशन लाइट आणि प्लॉटर चालेल असा एक चेंजओव्हर स्विच बसवून घ्या. साधी लेड-ॲसिड, साधा स्विच, दोन तासांचं काम. मी ज्यांना ज्यांना हे करून दिलंय त्यांचे रात्रीचे फोन बंद झालेत, आता सकाळी चहा झाल्यावर करतात.

माणूस बोलवायचाच असेल तर बोलवण्याआधी एवढं हाताशी ठेवा, त्याचा एक दिवस वाचतो आणि तुमचं बिल. बँक गेली त्या वेळेचं व्होल्टेज आणि करंट, तेव्हा काय काय चालू होतं, नक्की काय काय बंद पडलं, चारही सेलचे वरच्या टोकाचे आकडे, सगळ्या चार्जरच्या सेटिंगचे स्क्रीनशॉट, आणि बॅटरीच्या लॉकरचा वरून काढलेला एक फोटो ज्यात प्रत्येक केबल कुठून कुठे जाते ते दिसेल. फोटो काढताना ती प्लॅस्टिकची झाकणं काढा, बऱ्याचदा मला वायसर फोटोतच दिसतो.